पोटिया

दाणा दोन बोटांत धरून त्यानं ब्लेडनं मधोमध कापला आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढं केला. "देखो मैडम, पोटिया है." अर्धा दाणा काचेसारखा, मधाच्या रंगाचा. उरलेला अर्धा खडूसारखा पांढरा. मग दुसरा कापला, तिसरा कापला. दहातले सहा असे निघाले. भाव उतरला तो उतरलाच, वर ट्रॉलीभोवतीचे चार जण वाकून वाकून बघून गेले.

इंदूरच्या छावनी मंडीतली ही गोष्ट. त्या व्यापाऱ्याचा मला राग आला नाही. तो ब्लेडनं जे बघत होता तेच मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून बघत आले होते. गव्हात नत्र किती, म्हणजे प्रथिन किती, एवढंच माझं काम. आणि आमच्या घरचा गहू माझ्याच विषयात नापास झाला होता.

पोटिया हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत असायचं कारण नाही. माळव्याचा जुना गहू म्हणजे कठिया, तुमच्याकडच्या बन्सीच्या जातकुळीतला. दाणा लांबट, कडक, उन्हात धरला तर आरपार उजेड दिसेलसा. दाल-बाफल्यातला बाफला, म्हणजे आधी उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, याच गव्हाच्या रवाळ पिठाचा. इथल्या मराठी घरांत दोनशे वर्षांत पुरणपोळी जशी तशीच राहिली, पण रविवारचा स्वयंपाक मात्र माळव्यानं बळकावला, आणि बाफल्याला दुसरा गहू चालत नाही. तर अशा गव्हाच्या काचेत मधेच पांढरा पिठूळ डाग उतरला की तो पोटिया. कीड नाही, बुरशी नाही. दाण्यात पिठाचे कण भरले, पण त्यांच्या फटी लिंपून काढायला प्रथिन पुरलं नाही. फटींत हवा राहते, उजेड तिथं विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. थोडक्यात, व्यापाऱ्यानं तळहातावर मला नत्राची तूट दाखवली होती.

ती तूट कुठून आली याचा हिशेब मी त्या रात्री मांडला, आणि तो फिरून माझ्याच दारात आला.

आमची इंदूरजवळ सांवेरकडं थोडी जमीन आहे, बटाईनं दिलेली. त्या वर्षी युरियाची ओढाताण होती. बटाईदार रांगेत दोनदा उभा राहिला, एकच पोतं मिळालं, ते पहिल्या पाण्याबरोबर गेलं. दुसरा हप्ता राहिला. फेब्रुवारीत मी शेतावर गेले तर गहू निसवून दाणा चिकात आलेला आणि खालची पानं पिवळी पडत चाललेली. शेजारचं शेत गर्द हिरवं. माझा जीव कासावीस झाला. "एक पानी और दे दो," मी म्हटलं. तो म्हणाला, "बाईजी, अब पानी से क्या होगा?" मी ऐकलं नाही. पाणी दिलं. दाणा छान फुगला, वजनाला उतरला, आणि पोटिया झाला. दाण्यात पीठ वाढलं, नत्र होतं तेवढंच राहिलं. दुधात पाणी घालण्याचा प्रकार मी अक्षरशः करून दाखवला होता. रसायनशास्त्राची पदवी भिंतीवर टांगलेली असताना.

चूक फक्त पाण्याची नव्हती. मी हिरव्या रंगाला भुलले होते.

गव्हाचं नत्राचं गणित आपल्याला वाटतं त्याच्या उलट चालतं. आपल्याला वाटतं, दाणा भरत असताना मुळं जमिनीतून नत्र ओढतात आणि वर दाण्यात पोचवतात. तसं थोडंच होतं. नोव्हेंबरात पेरलेला गहू आपलं बहुतेक नत्र फुलायच्या आधीच गोळा करून बसलेला असतो. दाण्यात शेवटी जे नत्र सापडतं त्यातलं साधारण साठ ते नव्वद टक्के आधीच पानांत, खोडात, मुळांत साठलेलं असतं. मार्चच्या उन्हात माळव्याची काळी जमीन वरून तडकते, वरच्या थरात ओल राहत नाही, आणि पाण्यात विरघळल्याशिवाय नत्र मुळाशी येत नाही. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी बाजार बंद. घरात भरून ठेवलं असेल त्यावरच भागवायचं.

ते भरून ठेवणंही सुखासुखी होत नाही. आपण टाकतो तो युरिया. जमिनीतले जीवाणू आधी त्याचा अमोनिया करतात, मग नायट्रेट. काळ्या मातीचे कण ऋण भाराचे आणि नायट्रेटही ऋण भाराचं, त्यामुळं माती त्याला धरून ठेवत नाही. जास्त पाणी झालं की ते खाली झिरपतं, नाहीतर साचलेल्या पाण्यात जीवाणू त्याचा वायू करून उडवून लावतात. यातून उरेल ते मुळांनी पकडायचं. मुळांच्या पेशींच्या आवरणात नायट्रेट आत ओढणारी खास प्रथिनं असतात. जमिनीत नायट्रेट मुबलक असलं की एका प्रकारची कामाला लागतात, कणभर उरलं की दुसऱ्या, जास्त चिकट प्रकारची. आत आलेल्या नायट्रेटचा पानात पुन्हा अमोनिया होतो आणि तो लगेच ग्लुटामीन नावाच्या अमिनो आम्लात बांधला जातो. लगेच, कारण मोकळा अमोनिया पेशीला विषच.

आणि मग हे साठवायचं कुठं? इथं वनस्पतीची युक्ती मला फार आवडते. गव्हाच्या पानात नत्राचं वेगळं कोठार नसतं. जे प्रथिन हवेतला कार्बन पकडून साखर बनवायला लावतं, रुबिस्को नावाचं, तेच कोठार. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनापैकी जवळजवळ निम्मं एकटं रुबिस्को असू शकतं. पानातलं तीन चतुर्थांश नत्र हरितकणांत असतं ते त्यामुळंच. म्हणजे यंत्र तेच आणि ठेवही तीच. सोन्याच्या बांगड्या घालून भांडी घासावीत तसं. अडचण आली की त्याच मोडायच्या.

दाणा भरू लागला की मोड सुरू होते. खालच्या, जुन्या पानापासून. पेशी स्वतःचे हरितकण तुकड्यातुकड्यानं गिळते, प्रथिनं कापून अमिनो आम्लं करते, आणि ती रसवाहिन्यांतून वर ओंबीकडं चालू लागतात. ओंबीलगतचं शेवटचं पान, ज्याला शेतकीच्या पुस्तकात ध्वजपर्ण म्हणतात, ते शेवटपर्यंत साखर बनवत राहतं आणि मग तेही रिकामं होतं. दाण्यात पोचलेल्या अमिनो आम्लांची पुन्हा प्रथिनं बनतात, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. कणीक मळताना हाताला जो ताण लागतो तो यांचा.

पण गंमत पुढंच आहे, आणि ती मला निवृत्त झाल्यावर, वाचता वाचता कळली. पिवळं पडताना आपल्याला जे जाताना दिसतं ते हरितद्रव्य. आपण समजतो, तोच माल निघाला. प्रत्यक्षात हरितद्रव्याच्या रेणूत नत्राचे फक्त चार अणू, आणि तेसुद्धा दाण्याकडं जातच नाहीत. हरितद्रव्य मोडून त्याचे रंगहीन तुकडे पेशीच्या पोकळीत टाकून दिले जातात आणि पानाबरोबर वाळतात. मग ते मोडायचं कशाला? कारण ते प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि मोकळं सुटलं तर उन्हात पेशी जाळतं. म्हणजे हिरवा रंग हा माल नाही, मालाच्या खोलीचं कुलूप आहे. शेजारच्या शेतातली कुलपं बघून मी माझ्या शेतात पाणी सोडलं होतं!

आमच्या प्रयोगशाळेत या सगळ्या प्रवासाचा शेवट एका ग्रॅममध्ये होत असे. योहान केल्डाल नावाचा रसायनतज्ज्ञ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत होता. बिअरच्या बार्लीतलं प्रथिन मोजायला त्यानं १८८३ साली एक रीत काढली, आणि मी नोकरीला लागले तेव्हाही आम्ही तीच वापरत होतो. एक ग्रॅम पीठ लांब मानेच्या चंबूत. त्यावर तीव्र गंधकाम्ल, पोटॅशियम सल्फेट, चिमूटभर मोरचूद. शेगडीवर चढवलं की पीठ आधी काळं पडतं, पाक करपल्यासारखं, फसफसून वर येतं, पांढरा धूर मानेतून फिरतो. तास-दीड तासानं काळ्याचं तपकिरी, तपकिरीचं पिवळसर, आणि अखेर एक स्वच्छ, फिकट हिरवट पाणी. गहू, ओंबी, शेत, पाऊस, सगळं जाऊन उरलेलं पाणी. मग त्यात कॉस्टिक सोडा ओतायचा. मिश्रण एकदम काळवंडतं आणि त्यातला अमोनिया सुटतो. तो पलीकडच्या बोरिक आम्लात धरायचा, ते लालसरचं हिरवं होतं, आणि मग ब्यूरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडत त्याला परत गुलाबीवर आणायचं. किती थेंब लागले त्यावरून नत्र. नत्राला ५.७ नं गुणलं की गव्हाचं प्रथिन. शेवटच्या थेंबाला श्वास रोखायची सवय मला अजून आहे, दूध उतू जाताना बघतानासुद्धा. आणि माझ्या त्या काळच्या एकाही सुती साडीचा पदर आम्लाच्या भोकांशिवाय नाही.

या ५.७ चा एक घरगुती उपयोग सांगते. बारा टक्के प्रथिनाच्या एका क्विंटल गव्हात जेमतेम २.१ किलो नत्र असतं. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं झालं, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. म्हणजे मंडीत दहा क्विंटल गहू ओतला की एक पोतं युरिया आपण शेतातून उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. सोयाबीनचं तर विचारूच नका. त्याच्यात चाळीस टक्के प्रथिन, तिथं तीन-सव्वातीन क्विंटलमध्येच पोतं संपतं.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे. माळव्यात आता पावसाळ्यात दुसरं काही दिसतच नाही, आणि खंडवा रोडवर त्याची देशातली मुख्य संशोधन संस्था १९८७ पासून आहे. ऑगस्टमध्ये सोयाबीनचं एक रोप हलक्या हातानं उपटा. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक नखानं फोडा. आतून गुलाबी, मांसासारखी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं चुलतभावंड तिथं असतं. आतल्या जीवाणूंना हवेतलं नत्र बांधायचं असतं, पण त्या कामात मोकळा ऑक्सिजन चालत नाही, म्हणून हे तांबडं प्रथिन तो मोजून मोजून देतं. एवढी फुकटची सोय असूनही सोयाबीनला पुरत नाही. एक टन दाण्यासाठी झाडाला साधारण ८० किलो नत्र गोळा करावं लागतं. शेंगा भरू लागल्या की झाडाची साखर शेंगांकडं वळते, गाठी उपाशी पडतात, आतून हिरवट-तपकिरी होतात, आणि नेमकी त्याच वेळी मागणी शिखरावर. मग पानं मोडायची. १९७५ साली सिंक्लेअर आणि द विट या दोघांनी २४ पिकांच्या बियांचा असा ताळेबंद मांडला आणि सोयाबीनबद्दल म्हटलं की हे पीक बी भरताना स्वतःलाच मोडून खातं. सप्टेंबरच्या अखेरीस आमच्याकडं पंधरा दिवसांत सोयाबीनचं शेत हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं नुसत्या काड्यांचं होतं, पानं खाली, शेंगा वर. ते बघितलेल्या माणसाला हे फार पटतं.

मग कुणीतरी शेंगाच तोडून बघितल्या. सोयाबीनच्या शेंगा येतील तशा खुडत गेलं तर पानं पिवळी पडत नाहीत. झाड हिरवंगार राहतं. पण मोजून बघितलं तर त्या पानांचं साखर बनवण्याचं काम केव्हाच मंदावलेलं. रुबिस्को कमी झालेलं, आणि पानात भलतीच साठवणीची प्रथिनं भरलेली. मागणारं कुणी नाही म्हणून माल गोदामात पडून. हे वाचल्यावर मला आमच्या कचेरीतले दोन-तीन चेहरे आठवले. नावं घेत नाही.

गव्हात तर या मोडीच्या घाईला एक जनुकच आहे. २००६ साली ते सापडलं, रानटी एमरमध्ये. हा आपल्या खपलीचा पूर्वज, आणि खपलीच्या वाटेनं कठियाचाही. या जनुकामुळं पानं लवकर पिवळी पडतात, आणि दाण्यात नत्र, लोह, जस्त जास्त उतरतं. आजच्या बहुतेक सगळ्या गव्हांत ते बिघडलेलं किंवा गायब आहे. शास्त्रज्ञांनी गव्हातली या कुटुंबाची जनुकं दाबून बघितली, तर पानं नेहमीपेक्षा तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली आणि दाण्यातलं प्रथिन, लोह, जस्त तीस टक्क्यांहून जास्त घटलं. हजारो वर्षं जाड, फुगीर दाणा निवडता निवडता माणसानंच ते मागं टाकलं असावं असं मला वाटतं. माझ्यासारख्याच कुणीतरी कधीतरी म्हटलं असेल, हिरवं आहे तेच ठेव.

हे सगळं मी एकदा दिवाळीत जेवताना सांगत होते. पुण्याहून वन्सं आल्या होत्या. त्यांचे डोळे पाणावले. "वहिनी, अगदी आईसारखं गं! सगळं लेकरांना देऊन आपण रिकामं व्हायचं." सासूबाई समोरच बसल्या होत्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. त्या महिन्यातच त्यांनी तांब्यापितळेची भांडी वाटून टाकली होती. रडारड नाही, वहीत यादी करून, कुणाला घंगाळ, कुणाला परात, पुढं सही घेऊन. बिड्याचा तवा तेवढा ठेवला. "मी आहे तोवर लागेल," म्हणाल्या. त्यांनी लेकीकडं बघितलं आणि विचारलं, "मग उरलेल्या काडाचं काय करतात?"

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोधायला इंदूरबाहेर जायची गरजही नाही. दाण्यानं सगळं ओढून नेल्यावर गव्हाच्या काडात शेकडा अर्धा किलोच्या आसपास नत्र उरतं. कार्बन मात्र भरपूर. असं काड नुसतं मातीत गाडलं तर लवकर कुजत नाही, उलट कुजवणारे जीवाणू मातीतलंच नत्र उसनं घेतात आणि पुढच्या पिकाला पिवळं पाडतात. म्हणून शेतकरी नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेलं काड, पेटवतो, आणि ते उरलेलं अर्धा किलोही धुरातून जातं. एप्रिलमध्ये संध्याकाळी इंदूरहून देवासकडं जाताना दोन्ही बाजूंना जळत्या ओळी दिसायच्या. अजूनही दिसतात, बंदी असून.

याच काडाच्या प्रश्नावर काम केलेले इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इंदूरला आले. होळकर दरबारानं दिलेली जमीन, कापूस समितीचा पैसा, आणि आज जिथं कृषी महाविद्यालय आहे तो परिसर. हॉवर्डचं नाव जगभर झालं. त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते, हे इंदूरच्या मराठी माणसांनाही सांगावं लागतं. १९३१ साली शेतातल्या टाकाऊ मालावरचं जे पुस्तक निघालं त्यावर दोघांचीही नावं आहेत. त्यांची 'इंदूर पद्धत' म्हणजे काड, पऱ्हाट्या, पालापाचोळा, गोठ्यातली मुताची माती, शेण आणि राख यांचे पातळ थर, मधून मधून उलथापालथ, आणि तीनेक महिन्यांत खत. लहानपणी शाळेच्या सहलीत तिथले हौद दाखवले होते, तेव्हा आम्ही पदर नाकाला लावून पळालो. आता कळतं की गुराचं मूत आणि शेण तिथं घाणीसाठी नव्हतं. दाण्यानं काडातून जे नेलं होतं तेच परत भरायचं होतं. काडात नत्राच्या एका भागाला कार्बनचे ऐंशीएक भाग असतात, जीवाणूंना तीसच्या आसपास लागतात. मधली भर मुताची माती घालते.

मी सासूबाईंना हे एवढं लांबण लावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे शेवटी गोठाच लागतो." आमचा गोठा १९९१ साली मोडला. त्यांचा विरोध होता.

त्यानंतर शेताचं थोडं बदललं. सोयाबीनच्या पाठोपाठ गहू आहेच. पण सोयाबीनचं कुटार आम्ही आता विकत नाही, शेजारच्या गोठेवाल्याला देतो आणि बदल्यात शेणखत घेतो. युरियाचा हप्ता गहू पोटरीवर यायच्या, म्हणजे ओंबी पानाच्या पोटात फुगायच्या, आत संपवायचा असं ठरलंय, आणि दाणा चिकात असताना शेतावर जायची मला बंदी आहे. बटाईदारानं हसत हसत घातलेली, पण घातलेली.

या मार्चमध्ये घरापुरता गहू आला. जुन्या सवयीनं मी ताटलीत वीस दाणे मोजून घेतले आणि गच्चीच्या उजेडात बसून ब्लेडनं एकेक कापला. सतरा काचेसारखे निघाले, तीन पोटिया. सासूबाई बाजूला खुर्चीवर उन्हं खात बसल्या होत्या. त्यांनी ताटली मागून घेतली, चष्मा वर करून त्या तिघांकडं बघितलं, आणि अर्धकं बोटानं बाजूला सारली.

"हे पोळ्यांना चालतील," म्हणाल्या. "बाफल्याला ते दुसरे घे."